कोनाडा

शिवडीच्या मीटिंगमध्ये मी टॉवरचं मॉडेल फिरवून दाखवत होते,
आतून, बाहेरून, गच्चीवरून,
अकराव्या मजल्यापासून दिसणारी खाडीसुद्धा.
सगळ्यांनी पार्किंगचं विचारलं.
वामन शिवलकरांनी विचारलं, कोनाडा कुठाय?

कसला?
चष्म्याचा.
रात्री दिवा न लावता हात जातो तिथं.
अठ्ठेचाळीस वर्षं जातोय.

म्हटलं, काका, भिंती आता रसायनीच्या यार्डात ओततात,
पोलादी पाटावर, आडव्या,
इडलीसारख्या वाफवतात
आणि मध्यरात्रीनंतर ट्रेलरवर उभ्या करून आणतात.
इथं गवंडी नसतो. क्रेन असते,
आणि प्रत्येक भिंतीवर चिकटवलेला कोड.
स्कॅन केला की भिंत सांगते, मी कुठली,
कितव्या मजल्याची, माझ्या शेजारी कोण.

ते म्हणाले,
इतकं बोलणाऱ्या भिंतीला
एक खळगा जड व्हावा?

त्या रात्री विक्रोळीच्या ऑफिसात
सगळे गेल्यावर मी त्यांची भिंत उघडली.
चौदाशे तीन, आतली खोली.
सहा इंच रुंद, नऊ उंच, तीन खोल.
सळ्या थोड्या सरकवल्या, वायरिंगची नळी वळवली,
कुठं काही आदळतंय का ते तपासलं. नाही.
सेव्ह करून घरी गेले.

चूक एवढीच
की मी भिंत बदलली नव्हती.
भिंतीचा टाइप बदलला होता.

यार्डात लेझरने पाटावर हिरवी रेघ आखली,
यंत्राच्या हाताने चुंबकं बसवली,
मेघश्याम घरतने नकाशा मागितला नाही, तो आता नसतोच,
स्क्रीनवर होतं ते ओतलं.
आठव्या दिवशी त्याचा फोन:
मॅडम, ह्ये भोक मुद्दाम हाय का ऱ्हायलंय?
तोवर रॅकवर एकशे बारा भिंती उभ्या,
एकशे बारा कोनाडे
कुणीच न मागितलेले. म्हणजे, एक सोडून.

बुजवायचे तर गवंडी लागणार
आणि गवंडी लागत नाही हेच तर आम्ही ब्रोशरमध्ये छापलेलं.
माझी पगारवाढ गेली. कोनाडे राहिले.
पुढच्या ब्रोशरमध्ये त्यांचं नाव पडलं 'पारंपरिक स्पर्श'.

शिवलकर गिरगावात छापखान्यात खिळे जुळवायचे.
मी कबुली दिली तेव्हा हसले नाहीत.
म्हणाले, म्हणजे पानातलं अक्षर सुधारायला गेलात
आणि हात पडला मातृकेवर.
आमच्याकडे एकदा ळ ची मातृका बिघडली होती.
त्या सीझनच्या सगळ्या लग्नपत्रिकांत
बाळ, सोहळा, मंगळसूत्र,
सगळं लंगडत होतं.
लग्नं लागली तरी.

ताबा मिळाला त्या संध्याकाळी
त्यांनी मला दिवा मालवायला लावला.
अंधारात नखं काँक्रीटवर घासल्याचा आवाज आला.
मग थांबला.
मग वर सरकत गेला, सावकाश,
कुणाचं घर विचारत जिना चढावा तसा.

चार इंच खाली हवा होता, ते म्हणाले.
मी उंची कुणाची घेतली होती?
कुणाचीच नाही. सॉफ्टवेअरने सुचवली ती.
असू दे, शिकेल हात.
चष्मा ठेवल्याचा बारीक खट् आवाज झाला.

काल ठाण्याच्या एका कामाची फाइल उघडली.
कुणीतरी घाईत आमचीच भिंत उचलून डकवली होती,
तीनशे चाळीस खोल्यांत,
प्रत्येकीत तोच कोनाडा.
काढून टाका, असा वर शेरा.

मी टाइप उघडला.
उंचीच्या चौकटीत गेले
आणि चार इंच कमी केले.
स्क्रीनवर सगळे एकदम खाली उतरले.